शब्दाचं मूळ शोधायचंय? आधी पराणी हातात घ्या

१९८४ साली औसा तालुक्यातल्या एका शाळेत मी मराठी-संस्कृत शिकवायला लागले. वय चोवीस, सगळं आयुष्य पुण्याच्या पेठेत गेलेलं, आणि हातात लाल शाईचं पेन. आठवीतल्या एका मुलानं 'आमचे शेत' या निबंधात लिहिलं होतं, 'माझ्या आज्याच्या हातात पराणी असते.' मी 'पराणी'वर काट मारली आणि वर ठसठशीत 'प्राणी' लिहिलं. आज्याच्या हातात कुठला प्राणी, ससा की मांजर, याचा विचारसुद्धा केला नाही. वह्या परत दिल्यावर पोरगं उठून उभं राहिलं. "बाई, प्राणी न्हाई ओ. पराणी. बैलाला टोचायची." सगळा वर्ग खिदळला. दुसऱ्या दिवशी तो त्याच्या उंचीएवढी एक काठी घेऊन आला. एका टोकाला पेराएवढा खिळा ठोकलेला, दुसऱ्या टोकाला चामड्याची वादी लोंबणारी. टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "ही बघा."

आता निवृत्त झाल्यावर जुने विद्यार्थी व्हॉट्सॲपवर शब्द पाठवतात: बाई, याचं मूळ काय? परवा एकीनं विचारलं, 'चाबूक' हा 'चावणे'वरून आला ना, कारण तो चावतो? दर वेळी एकेक उत्तर देण्यापेक्षा शोधायचं कसं तेच लिहून ठेवते. उदाहरणं सगळी चाबकाच्या घराण्यातली घेतली आहेत, कारण माझी पहिली ठेच तिथंच लागली.

सुरुवात कोशापासून करू नका. ती वस्तू कुणाच्या हातात असते, ते आधी बघा. त्या माणसाकडे जा आणि तो काय बोलतो ते जसंच्या तसं, पूर्ण वाक्यात लिहून घ्या. नुसता शब्द लिहून आणलात तर निम्मा माल रस्त्यातच सांडला समजा. वाक्यात लिंग कळतं, क्रियापद कळतं. तो चाबूक, तो आसूड, तो कोरडा, पण ती पराणी. चाबूक उडवतात, आसूड आणि कोरडा ओढतात, पराणी टोचतात. हा फरक पुढं फार उपयोगी पडतो, कारण जी वस्तू टोचते तिचं नाव मारण्यावरून पडलेलं असण्याचा संभव कमी.

वस्तूच्या भागांचीही नावं विचारा. त्या मुलाच्या आज्याला मी पुढच्या रविवारी जाऊन भेटले. खिळ्याला ते 'आर' म्हणाले. चांभार चामड्याला भोक पाडायला वापरतो तीही आर, आणि संस्कृतातली 'आरा' तीच. अमरकोशात तिची ओळख 'चर्मप्रभेदिका' अशी आहे, म्हणजे कातडं भेदणारी. चामड्याच्या पट्टीला ते 'वाधी' म्हणाले, वादी नव्हे. मला तो गावंढळ उच्चार वाटला होता. तो खरं तर जुना निघाला, पण ते पुढं येईल. जाता जाता सांगते, अणकुचीदार खिळा लावलेली काठी वापरायला कायद्यानं मनाई आहे, ओझी आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांसाठीच्या १९६५ सालच्या केंद्रीय नियमांनुसार. आज्यांना ते ठाऊक होतं. "आर नुसती दावायची, टोचायची न्हाई," असं ते म्हणाले, आणि बैलाच्या पुठ्ठ्यावरचे बारीक डाग मी बघत राहिले.

पोतराजाचा कोरडा बघितला नसेल तर तोही एकदा जवळून बघा. पीळ देऊन विणलेला, मुठीकडं मनगटाएवढा जाड आणि टोकाला सुतळीएवढा बारीक. कमरेला चिंध्यांचा घागरा, पायात घुंगरं, सोबत बाईच्या डोक्यावर मरीआईचा देव्हारा, आणि हा माणूस स्वतःच्याच अंगावर कोरडे ओढतोय. तो फाट्कन आवाज बराचसा हवेतला असतो. टोक ध्वनीच्या वेगाहून जोरात फिरलं की असा आवाज निघतो. 'कोरडे ओढणे' हा वाक्प्रचार आपण अग्रलेखांत सर्रास वापरतो, तेव्हा त्यामागं हे रक्ताळलेलं अंग आहे याची आठवण ठेवावी, एवढंच.

एवढं झालं की मग कोश. तीन हाताशी ठेवा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश', १९३२ ते १९३८ मध्ये सात खंडांत निघालेला. आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश', १९४६ चा. पहिले दोन शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट चाळता येतात. मी तालुक्याच्या वाचनालयात धूळ झटकत उभ्यानं वाचले, तुम्हाला खुर्चीत बसून मिळतात, तेव्हा आळस नको.

कोश वाचण्याचीही एक रीत आहे. मोल्सवर्थ शब्दापुढं कंसात एखादं अक्षर देतो: संस्कृत, फारसी, अरबी, हिंदुस्थानी यांची खूण. ती आधी बघा. एकच स्पेलिंग शोधून थांबू नका. ऱ्हस्व-दीर्घ, द-ध, अ-आ फिरवून बघा. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये शेतकऱ्याच्या दैन्यावर जे पुस्तक लिहिलं त्याच्या नावात 'असूड' आहे आणि आपण आज 'आसूड' लिहितो. एका अक्षरासाठी माणसं रिकाम्या हातानं परततात. आणि एकसारखे दिसणारे शब्द सगळेच्या सगळे वाचा. 'कोरडा' म्हणजे सुका ही एक नोंद, 'कोरडा' म्हणजे चाबूक ही वेगळी नोंद.

या दुसऱ्या कोरड्यावर मी तोंडघशी पडलेली आहे. शाळेच्या वार्षिकांकात मी एक टिपण लिहिलं होतं: चामडं वाळवून, कोरडं करून बनवतात म्हणून कोरडा. वाचायला किती छान लागतं! छान लागतं हीच धोक्याची खूण. अंक छापून आल्यावर गावातल्या एका खोगीर शिवणाऱ्या गृहस्थांनी शाळेत येऊन मला विचारलं, "बाई, सुक्या कातड्याचा पट्टा पिळला तर काय होतंय?" तुटतो. विणायचं कातडं तेल पाजून मऊ ठेवावं लागतं. पोतराजाचा कोरडा तर पुष्कळदा कातड्याचा नसतोच, अंबाडीचा असतो. वस्तूनं माझी व्युत्पत्ती एका वाक्यात निकालात काढली. घरी येऊन मी शेजारच्या भाषा बघितल्या, जे आधी करायला हवं होतं. गुजरातीत चाबकाला 'कोरडो', हिंदीत 'कोडा' आणि तो नुक्तावाला ड. न वापरलेल्या, रिकाम्या वस्तूला हिंदीत 'कोरा', साधा र. तिथं दोन्ही शब्द वेगवेगळ्या उच्चारानं शेजारी नांदतात, कुणी त्यांची सोयरीक जुळवत नाही. मराठीत मात्र दोघांचा चेहरा एक झाला आणि माझ्यासारखीची फसगत झाली.

चाबकाचंही तसंच. 'चावणे'शी त्याचा काही संबंध नाही. तो फारसी आहे, आणि फारसीत 'चाबुक' म्हणजे चपळ, तल्लख. वस्तूचं नाव ते नंतर झालं. पटत नसेल तर उर्दूत बघा: 'चाबुकदस्त' म्हणजे हात चटकन चालणारा, निपुण माणूस, त्याच्या हातात चाबूक असावा लागत नाही. आपल्याकडं 'चाबुकस्वार' आहे, घोड्याला चाल शिकवणारा कसबी स्वार, आणि ते आडनावही आहे. चाबूक चावतो म्हणून चाबूक असं धरलं तर हा चाबुकदस्त कुठं बसवायचा? व्युत्पत्ती खरी की खोटी हे तपासायची माझी सोपी कसोटी हीच: तुमचं मूळ त्या शब्दाच्या सगळ्या भावंडांना लागू पडतं का? एकालाच लागू पडत असेल तर ती गोष्ट आहे, व्युत्पत्ती नाही.

हा चाबूक फिरलाय मात्र फार. मलायीत तो 'चाम्बुक' झाला, तिथून डच वसाहतींच्या वाटेनं दक्षिण आफ्रिकेत 'शाम्बॉक'. गेंड्याच्या, पाणघोड्याच्या कातड्याचा जाड सोटा. वर्णभेदाच्या काळात तिथले पोलीस निदर्शकांवर चालवायचे तो हाच. ज्या शब्दाचा अर्थ मुळात 'चपळ' होता त्याची ही गत झाली. शब्दाचा प्रवास नकाशावर मांडताना बंदरं आणि गुलामांची जहाजं विसरू नका. शब्द हवेतून उडत जात नाहीत.

आता पराणीकडं वळू, कारण खरा अभ्यास तिनं करून घेतला.

कोशांनी 'प्राजन'कडं बोट दाखवलं. प्राजन, प्राजनी: जनावर हाकायचं साधन. इथं तुम्ही लगेच टाळी वाजवू नका. ध्वनी पायरीपायरीनं उतरतात का ते बघा. दोन स्वरांमधला ज, च, क मराठीत येईपर्यंत गळतो: राजकुलाचं राऊळ झालं, सूचीची सुई झाली. न चा ण होतो: पानीयचं पाणी. म्हणजे 'प्राजनी'तला ज गेला, नी ची णी झाली. इथवर ठीक. पण सुरुवातीच्या जोडाक्षरातला र सहसा टिकत नाही. प्रस्तरचा पत्थर, मग पाथर झाला, तोच पाथरवटातला पाथर, र गेला. पराणीत र राहिलाय, मध्ये अ घालून, जसा प्रसादाचा परसाद होतो. हा खडा पायरीत आहे, तो झाकून पुढं जाऊ नये. टर्नर यांचा हिंदी-आर्य भाषांचा तौलनिक कोश १९६० च्या दशकात लंडनहून निघाला; उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला आले की मी डेक्कन कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन तो बघायची. अशा वेळी एकट्याच्या डोक्यावर विसंबू नये.

वाधीचं तिथंच उलगडलं. संस्कृतात कातड्याच्या पट्टीला 'वर्ध्री'. कर्मचं आधी कम्म, मग काम होतं, त्याच चालीनं वर्ध्रीची वद्धी, मग वाधी, आणि शेवटी ध चा द होऊन आपली शहरी वादी. म्हणजे आज्यांचा उच्चार माझ्या उच्चाराहून एक पायरी वर होता. मी त्यांना मनातल्या मनात गावंढळ म्हटलं होतं.

ध्वनी जुळले की जुना ग्रंथ उघडा, आणि शब्द तिथं कुणाच्या सोबतीनं बसलाय ते बघा. अमरकोशाच्या वैश्यवर्गात ओळ आहे: 'प्राजनं तोदनं तोत्रम्'. आजूबाजूला नांगर, कुदळ, शेतीची अवजारं. घोड्याचा चाबूक, 'कशा', तिथं नाही. तो शूद्रवर्गात आहे आणि त्याच ओळीत 'नध्री वर्ध्री वरत्रा', चामड्याच्या पट्ट्या. अमरसिंहानं एकाची जागा शेतात धरली, दुसऱ्याची कातडं कमावणाऱ्याच्या शेजारी. हा भेद आजही आहे. गाडीवान पराणी आणि चाबूक यांत कधी गोंधळ करत नाही. गोंधळ आपण करतो.

तोत्र हा शब्द वाचला आणि मी थांबले. लहानपणापासून घरी गीता म्हणण्याआधी ध्यानाचे श्लोक म्हणत आलो: 'प्रपन्नपारिजाताय तोत्रवेत्रैकपाणये'. एका हातात तोत्र आणि वेत धरलेला श्रीकृष्ण. शेकडो वेळा म्हटलं असेल. माझ्या डोळ्यांपुढं कायम काहीतरी चांदीचं, मखमली मुठीचं यायचं. तोत्र 'तुद्' धातूपासून. तुद् म्हणजे टोचणे, पाणिनीय धातुपाठात एक अख्खा गण याच्या नावानं आहे. चंद्राला टोचणारा म्हणून राहूला विधुंतुद म्हणतात, तो याच धातूचा. म्हणजे देवाच्या हातात होती ती टोचणी. टेबलावर ठेवलेल्या त्या काठीची सख्खी बहीण.

पण पराणीचं मूळ 'तुद्' नव्हे, 'अज्' म्हणजे हाकणे. प्र उपसर्ग लागून प्राजन. (लॅटिनमधला 'हाकणे, चालवणे' अर्थाचा धातू याचाच भाऊबंद, आणि त्याच्यामार्फत आपल्या तोंडी एजंट नि ॲक्शन आलेत, एवढं सांगून ही खिडकी बंद करते, नाहीतर रात्र होईल.) या धातूवरून पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरच्या भाष्यात, एक प्रसंग आहे. अभ्यंकरशास्त्र्यांचं मराठी भाषांतर मिळालं तर त्यात दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या पादात, छप्पन्नाव्या सूत्राखाली शोधा.

एक वैयाकरण रथाजवळ येऊन विचारतो, या रथाचा 'प्रवेता', म्हणजे हाकणारा, कोण? कारण पाणिनीच्या सूत्राप्रमाणे इथं अज् च्या जागी वी यायला हवा. सारथी म्हणतो, महाराज, मी या रथाचा 'प्राजिता'. वैयाकरण म्हणतो, हा अपशब्द. सारथी उत्तर देतो की आपल्याला सूत्र काय सांगतं ते कळतं, लोकांना काय इष्ट आहे ते कळत नाही. हेच रूप चालतं. वैयाकरण चिडून म्हणतो, या 'दुरुता'नं काय छळ मांडलाय! त्यानं 'सूत' म्हणजे सारथी या शब्दाची फोड सु आणि उत, म्हणजे 'चांगला विणलेला', अशी करून त्याचा उलटा शब्द बनवलाय. सारथी शांतपणे सांगतो की सूत हा विणण्याच्या धातूपासून आलेला नाही, प्रेरणा देण्याच्या धातूपासून आलाय. शिवीच द्यायची तर 'दुःसूत' म्हणा.

ही गोष्ट मी एम.ए.ला शिकले होते. परीक्षेत लिहिली होती. आणि तरी औशाच्या त्या वर्गात लाल पेन घेऊन वैयाकरणाच्या जागी मीच उभी होते, समोर प्राजित्याचा नातू. आणखी कमाल म्हणजे पुढच्याच सूत्रावर 'काशिका' या पाणिनीवरच्या टीकेत उदाहरणं आहेत: 'प्रवयणो दण्डः, प्राजनो दण्डः'. दोन्ही रूपं शुद्ध, हवं ते वापरा. त्यातलं प्रवयण पोथीत राहिलं. प्राजन गोठ्यात गेलं, बैलांमागं चाललं, आणि दोन हजार वर्षांनी सुतळीनं बांधलेल्या दप्तरातल्या वहीत उतरलं. तिथं मी त्याच्यावर काट मारली.

शेवटची एक गोष्ट, अर्थ दुसऱ्या वाटेनंही येतो. 'प्रतोद' घ्या. हाही तुद् चा. महाभारतात भीष्मपर्वात नवव्या दिवशी कृष्ण रथातून उडी टाकून भीष्मांवर धावतो तेव्हा तो 'प्रतोदपाणि' आहे, हातात फक्त हाकायची टोचणी. आज वर्तमानपत्रात 'पक्षप्रतोद' येतो. हा अर्थ प्रतोदात हळूहळू उमलला असं समजाल तर चुकाल. इंग्लंडात कोल्ह्याच्या शिकारीला निघालेली कुत्री भरकटू नयेत म्हणून चाबूक घेऊन त्यांना कळपात ठेवणारा एक माणूस असे. त्याच्या नावावरून तिथल्या संसदेत सदस्य गोळा करणाऱ्याला 'व्हिप' म्हणू लागले. आपण त्या व्हिपसाठी संस्कृतातून एक तयार शब्द उचलला. याला भाषांतरित अर्थ म्हणतात. इथं ध्वनीच्या पायऱ्या मोजत बसू नये, कुणाची गरज होती ते शोधावं. १९८५ मध्ये पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट घटनेत आलं आणि पक्षादेश मोडला तर आमदारकी जाऊ लागली, तेव्हापासून या शब्दाला धार आली. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षावर निकाल देताना सांगितलं की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नव्हे. म्हणजे काठी कुणाच्या हातात, हाच वाद. मला वाटतं व्हिपपेक्षा प्रतोद हा शब्द नेमका आहे: आमदाराला फटका बसत नाही, टोचणी बसते.

हे सगळं लिहून ठेवायला पोस्टकार्डाएवढं एक कार्ड पुरतं. वर शब्द. खाली बोलणाऱ्याचं पूर्ण वाक्य, गाव, साल. मग लिंग, क्रियापद, भागांची नावं. मग कोशातल्या नोंदी, मग शेजारच्या भाषा. मूळ सगळ्यात खाली, आणि पेन्सिलीनं. माझ्या कोरड्याच्या कार्डावर ती जागा अजून मोकळी आहे.

तो मुलगा आता पन्नाशीला आलाय. बैल नाहीत, ट्रॅक्टर आहे. दिवाळीला त्याचा फोन आला तेव्हा मी विचारलं, ट्रॅक्टर हाकायला काय रे, त्याला पराणी लागत नाही? "रेस द्यायची की, बाई," तो म्हणाला. मी कार्ड घेतलं. रेस, स्त्रीलिंग, देणे. 'लई रेस दिली की धूर मारतंय.' औसा तालुका, २०२४.